बिनआवाजी गाडीची वर्दी

टेंभुरगडचे भैरवसेन महाराज भर सकाळी कमळांच्या हौदात पडले, आणि राज्यात विजेच्या गाडीवर बंदी यायची वेळ आली!

झालं असं, की महाराज हौदाच्या काठावर उभे राहून पेरू खात होते. कसली चाहूल नाही, काही नाही, आणि मागे वळून बघतात तो पाठीशी गाडी उभी! पेरू एकीकडे, महाराज दुसरीकडे! गाडी येसू तांबटची होती. येसूचा बाप विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. त्याच्या हाताखाली शिकून पोरीने पत्र्याच्या शेडमध्ये विजेची गाडी बनवली आणि मोठ्या हौसेने महाराजांना दाखवायला आणली. दाखवली म्हणायची!

तीन पिढ्या राजवाड्याला पेट्रोलच्या मोटारी पुरवणाऱ्या भुजंगशेठना हेच हवं होतं.

"बघा महाराज, ही चोरपावलांची गाडी उद्या सगळ्या प्रजेला हौदात घालील! आमची मोटार कशी, निघाली की तीन गावांना कळतं!"

"तीन गावांना कळतं, आणि माझी दुपारची झोपही मोडते, शेठ!" महाराज धोतर पिळत ओरडले.

महाराजांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं, की ते काढायला ब्रह्मदेवाचीही टाप नव्हती. त्यांनी तिथेच, ओल्या अंगाने, हुकूम सोडला.

"आठ दिवसांनी दोघांनी गाड्या आणायच्या. गाडीने हूं की चूं करायचं नाही! तरी ती पोचायच्या आधी मला बसल्या जागी ऐकू आली पाहिजे! हॉर्न नको, घंटा नको, पुढे बोंबलत पळणारा माणूस नको. जिंकेल त्याची गाडी राजवाड्यात. येसू, तू हरलीस तर शेडला कुलूप, आणि तू शेठच्या कारखान्यात मोटारी पुसायच्या!"

"आन् शेठ हरलं तर?" येसूने विचारलं.

"मी हरत नसतो," शेठ म्हणाले.

सात दिवस येसू डोकं धरून बसली. सातव्या दिवशी आईने चुलीवर सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या. शेडमध्ये बाप ठसकला, गोठ्यात म्हैस शिंकली, शेजारचे तात्या घरातूनच ओरडले, "अगं, काय जीव घेतीस का?"

येसू ताडकन उठली. "आये, तवा दे! आन् मिरच्या समद्या दे!"

आठव्या दिवशी आधी शेठची पाळी. शेठ पडले व्यवहारी. त्यांनी इंजिन बंदच ठेवलं आणि दहा माणसांना अनवाणी गाडी ढकलायला लावली. आवाज खरोखर झाला नाही. इतका नाही, की हौदाच्या काठावर बसलेल्या महाराजांनी सहज मान वळवली आणि पुन्हा पेरू एकीकडे, महाराज दुसरीकडे!

मग येसूची पाळी. महाराज कोरडे होऊन, हौदापासून लांब, दरबारात कान टवकारून बसले. सगळीकडे चिडीचूप.

एवढ्यात लांब पहिल्या दरवाज्यावर पहारेकरी ठसकला. "ख्खॉक्!"

मग दुसऱ्या दरवाज्यावर दोघे. "ख्खॉक्! ख्खॉक्!"

मग हत्तीखान्यातून अशी दणदणीत शिंक आली, की महाराज गादीवरून टुणकन उडाले.

"हत्ती शिंकला! गाडी हत्तीखान्यापाशी आली!" महाराज टाळ्या पिटत ओरडले. "आता मुदपाकखाना! ऐका, आचारी ठसकला! आली, आली, दाराशीच... ख्खॉक्!"

येसूची गाडी पायरीशी येऊन मुकाट उभी राहिली. नाकाला पदर बांधून येसू उतरली. मागच्या सीटवर गाडीच्याच बॅटरीवर शेगडी लाल झाली होती, आणि तव्यावर पायलीभर सुक्या मिरच्या भाजत होत्या.

"म्हाराज, गाडीनं आवाज केला का?"

"नाही! मीच केला... ख्खॉक्!"

"बसल्या जागी ऐकू आली का?"

"कुठवर आली तेसुद्धा कळलं!"

भुजंगशेठ डोळे पुसत पुढे झाले. "ही कसली अक्कल, महाराज? हा तर स्वयंपाक झाला! शेगडी काय, मीसुद्धा माझ्या मोटारीत ठेवीन!"

"ठेवा की, शेठ!" येसू म्हणाली. "पेट्रोलच्या टाकीच्या उशालाच ठेवा. म्हाराजांस्नी बसल्या जागी ऐकू यील, तीन गावांस्नीबी ऐकू यील. पर गाडीनं हूं की चूं करायचं न्हाई, ती अट तेवढी मोडंल!"

महाराज आधी हसले, मग ठसकले, मग दोन्ही एकदमच करू लागले. प्रधानजींनी पाठ थोपटली तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"येसू, राजवाड्याच्या चाळीसच्या चाळीस गाड्या तू बनवायच्या! शेडच्या जागी मोठा कारखाना बांधून देतो! फक्त मिरच्यांऐवजी कांदाभजी तळ, म्हणजे लोक ठसकायच्या ऐवजी 'वा!' म्हणतील."

"आणि मी, महाराज?" भुजंगशेठनी रडवेल्या तोंडाने विचारलं.

"तुम्ही?" महाराजांना पुन्हा हसू फुटलं. "तुम्ही चाळीस कढया पुरवायच्या!"