नव्या थव्याची साद

एका मोठ्या तळ्याच्या काठी, चिंचेच्या ढोलीत, एक म्हातारी खार राहत असे. तिची एकुलती एक लेक पैलतीरावरच्या जांभळीवर नांदत होती. एके दिवशी तिकडून आलेल्या पोपटाने निरोप आणला, "आजीबाई, लेकीला तीन पिल्लं झालीत. डोळे अजून उघडायचेत. लवकर ये म्हणालीय." तेव्हापासून म्हातारीला ढोलीत बसवेना.

पैलतीराला जायचं म्हणजे पाण्यावरून जायचं. त्या तळ्यावर करकोच्यांचा एक थवा होता आणि बगळ्यांचा एक. लहानसहान प्राण्यांना पाठीवर घेऊन ते रोज ने-आण करत. रीत अशी, की काठावर उतरलं की आपल्या थव्याची साद घालायची. करकोचे चोच वाजवून 'कट्कट्' करत, बगळे घसा खरवडून 'क्वाँक' म्हणत. साद ऐकल्याशिवाय कुणाच्या पाठीवर बसायचं नाही, हे प्रत्येक आई आपल्या पिल्लाला शिकवी. कारण मुलांनो, "चल, तुला पलीकडे सोडते," असं म्हणायला घारसुद्धा कमी करत नसे!

पण झालं काय, की त्याच सुमारास दोन्ही थवे एक झाले. एकाच काठावर उतारूंसाठी भांडभांडून दोघेही थकले होते. एक झाले ते बरंच झालं. पण साद कुणाची? करकोचे म्हणाले, आमची. बगळे म्हणाले, आमची. शेवटी ठरलं, की दोघांचीही जुनी साद बंद. नवी साद दोन्हीकडच्या मोठ्यांनी तळ्यातल्या बेटावर बसून ठरवायची आणि तोवर सगळ्यांनी मुकाट उडायचं. मग काय विचारता! काठावर तर्कांना नुसता ऊत आला.

"आतल्या गोटातली बातमी आहे," कावळा मान वाकडी करून म्हणाला. "नुसती साद नव्हे, अख्खा नवा थवाच निघणार आहे. पाठीवर मऊ गवत, लहानांना आधी जागा, आणि चिखलात न उतरवता थेट झाडावर सोडणार."

"थेट जांभळीवर?" खारीने विचारलं.

"जांभळीवर काय, ढोलीच्या तोंडाशी!"

"तू पाहिलास का रे तो थवा?" कासवाने विचारलं.

"त्यात पाहायचंय काय? सगळे म्हणताहेत!" सगळे म्हणजे कोण, तर बेडूक आणि टिटवी. आणि त्यांना सांगणारा कोण, तर हाच दीडशहाणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक करकोचा मुकाट्याने चिंचेखाली उतरला. खारीने त्याला लगेच ओळखलं. लेकीला पोचवायला ती याच्याच पाठीवरून गेली होती. तो म्हणाला, "बसा आजी, पलीकडेच निघालोय."

खारीचा जीव पुढे धावला. एक पाय तिने उचललासुद्धा. मग थबकून तिने विचारलं, "साद कुठली तुमची?"

"ती ठरायचीय अजून. पण मी तोच, आणि वाटही तीच."

"नको रे बाबा. रीत ती रीत. आणि नवा थवा निघतोच आहे म्हणे. दोन दिवस थांबते, पण लेकीच्या दाराशी ऐटीत उतरते. पिल्लांनी पहिल्यांदा बघायची ती काय चिखलाने माखलेली आजी?"

"बरं, उद्या येतो," करकोचा म्हणाला. तो खरंच आला. परवाही आला. रोज येई, घटकाभर उभा राही आणि रिकाम्या पाठीने उडून जाई.

म्हातारी मात्र फांदीच्या टोकावर बसून पलीकडे बघत राही. जांभूळ तिथून हिरव्या ठिपक्याएवढी दिसे. वारा तिकडून आला की ती नाक वर करी. पिल्लांच्या अंगाचा वास येतोय असं तिला वाटे, पण यायचा तो शेवाळाचाच. किती आठवण येत होती तिला! न पाहिलेल्यांचीसुद्धा आठवण येते, बरं का. पोपट निरोप आणतच होता. "डोळे उघडले हो. धाकटीच्या पाठीवरचे पट्टे अगदी तुमच्यासारखे." पुढे म्हणाला, "आता फांदीवर येतात. पाण्याकडे तोंड करून बसतात. आजी तिकडून येणार, असं लेकीने सांगितलंय ना."

"सांग त्यांना, आलेच म्हणावं. साद ठरली की पहिल्या फेरीला तुमची आजी!"

तिकडे बेटावर मात्र 'कट्-क्वाँक' म्हणायचं की 'क्वाँक-कट्', यावर घसे बसेपर्यंत वाद चालला होता.

अखेर एका सकाळी काठावर साद घुमली. कट्-क्वाँक! खार शेपटी फुलवून धावत सुटली. बघते तर समोर तोच करकोचा.

"नवा थवा कुठाय?" तिने विचारलं.

"हाच की, आजी. दुसरा कुठून येणार?"

तीच पाठ, तीच पिसं. मऊ गवताचा पत्ता नाही. आणि उतरवलं तेही नेहमीच्या चिखलातच. म्हातारी तशीच धापा टाकत जांभळीवर चढली. लेकीने तिला घट्ट मिठी मारली.

"पिल्लं कुठायत गं?"

"काल गेली, आई. मोठी झाली, आपापली झाडं शोधायला पांगली. धाकटी सगळ्यांत शेवटी निघाली. जाताना म्हणाली, 'करकोचा तर रोज येतो. मग आजी का नाही आली?' मी काय सांगणार होते तिला?"

म्हातारी ढोलीत शिरली, तीन पिल्लांनी दाबून दाबून बसकं केलेल्या गवतावर बसली आणि त्यात तोंड खुपसून रडली.

तात्पर्य : आपल्या माणसांकडे नेणारा दारात उभा असताना त्याच्या नव्या नावासाठी अडून बसू नये. नाव उद्याही ठेवता येतं. माणसं तोवर थांबत नाहीत.