बदकांचं अनेकवचन

“आणि बदकांनी ऐकलंच नाही तर?” त्र्यंबकशास्त्रींनी विचारलं.

“तर तुम्ही त्यांचं ऐका,” केरोबाबा म्हणाले.

शास्त्रींना वाटलं, बाबांना कमी ऐकू येत असावं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. बाबांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली.

खाडीकाठच्या त्या लहानशा मठात शास्त्री सकाळीच येऊन पोचले होते. व्याकरणात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. जिल्ह्याला हे ठाऊक नसेल म्हणून ते स्वतःच सांगत असत. आता त्यांना गुरू हवा होता, आणि अनुग्रह घ्यायचा तर केरोबाबांचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाबांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त मठामागच्या तळ्याकडे बोट केलं. तिथे कुणा भक्ताने आणून सोडलेली बदकं होती. मागच्याच आठवड्यात त्यांतलं एक कोल्ह्याने नेलं होतं.

“त्यांना खाऊपिऊ घाला. खुराडं नीट करा. दिवेलागणीला तुमच्या हाकेने सगळी आत आली, की तुमच्या कानात मंत्र सांगेन.”

“एवढंच?”

“एवढंच.”

शास्त्रींनी धोतराचा सोगा खोचला. मठात झाडलोट करणारा, बाबांचा जुना शिष्य धोंडिबा, केरसुणी टेकवून बघत राहिला.

“बाबा मला ‘अहो’ म्हणतात,” शास्त्री त्याला म्हणाले. “तुला ‘अरे’ म्हणतात. बघितलंस ना?”

“व्हय,” धोंडिबा म्हणाला. “पाव्हण्याला ‘अरे’ कसं म्हणतील?”

शास्त्रींना हे बोलणं फारसं आवडलं नाही. पण कामं पडली होती.

त्यांनी कोंडा आणि भाताची कणी एका परातीत काढली. शेजारी पाण्याचं घंगाळ ठेवलं, घासूनपुसून लख्ख. बदकं डुलत आली. एकेकाने चोचभर कोंडा घेतला आणि चोच थेट घंगाळात बुडवली.

“उष्टं!” शास्त्री ओरडले.

पाणी ओतलं. नवं भरलं. बदकांनी पुन्हा कोंडा घेतला, पुन्हा चोच बुडवली. शास्त्रींनी पुन्हा पाणी ओतलं. विहीर ते परात, परात ते विहीर. दुपारपर्यंत परसात चिखल झाला, शास्त्रींना धाप लागली, आणि बदकं खूश होती.

“दमलात?” बाबांनी ओटीवरून विचारलं.

“ही पाणी उष्टं करतात!”

“कुणाचं?”

“…त्यांचंच.”

“मग त्यांनी तक्रार केली का?”

शास्त्री हरले नाहीत. त्यांनी घंगाळ उचललं आणि लांब, पार विहिरीच्या कट्ट्याशी नेऊन ठेवलं. आधी भोजन, मग आचमन. शिस्त म्हणजे शिस्त.

थोड्या वेळाने एका लंगड्या बदकाच्या घशात कोरडा कोंडा अडकला. ते मान लांब करून, चोच उघडून गोल गोल फिरू लागलं. शास्त्री हबकले. त्यांना एकही सूत्र आठवेना.

तेव्हा बाबा उठले. सावकाश कट्ट्याशी गेले, घंगाळ उचलून आणलं आणि परातीला खेटून ठेवलं. लंगड्याने त्यात डोळ्यांपर्यंत तोंड घातलं, मान झटकली आणि शास्त्रींच्या उपरण्यावर कोंडा उडवून पुन्हा खायला लागलं.

“हंस दूध आणि पाणी वेगळं करतो,” शास्त्री उपरणं झटकत कळवळून म्हणाले. “त्यावर मी प्रवचनं केली आहेत, बाबा. आणि ही… ही सगळं एकत्र करतात!”

“बरं झालं हंस नाही पाळला,” बाबा म्हणाले. “धोंडिबाला चहा मिळाला नसता.”

धोंडिबा केरसुणी टाकून हसायला आडोशाला गेला.

दुपारनंतर शास्त्रींनी खुराडं हाती घेतलं. जमीन सारवली, दाराला तोरण बांधलं, आत कोंबड्यांच्या खुराड्यात असतात तशा उंच दांड्या ठोकल्या. सगळ्यांत वरची दांडी सगळ्यांत गुळगुळीत.

“हे काय?” बाबांनी आत डोकावून विचारलं.

“त्यांची आसनं.”

“बदकं जमिनीवर निजतात, शास्त्रीबुवा.”

“उंच जागा दिली तरी?”

“विचारून बघा…”

शास्त्री विचारणार नव्हतेच. त्यांनी दांड्या उपटल्या आणि खाली सुका पेंढा पसरला. उपटताना बोट चेचलं, तेही मुकाट्याने चोखलं.

ऊन उतरलं. बदकं तळ्याच्या मधोमध तरंगत होती. शास्त्री काठावर उभे राहिले, घसा साफ केला आणि प्रवचनाच्या आवाजात म्हणाले, “ए! ये! ये! चल, ये!”

बदकं आणखी पलीकडे गेली.

“ये म्हणतो ना!”

बदकं पलीकडच्या काठाला लागली. शास्त्री गुडघाभर पाण्यात उतरले, तशी ती वळसा घालून अलीकडे आली. शास्त्री अलीकडे आले, ती पलीकडे गेली. धोंडिबाला आता आडोसाही पुरेना.

तेवढ्यात बाबा आले. तळ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “या… या…”

बदकं रांग धरून आली आणि बाबांच्या पायांजवळून खुराड्यात गेली. लंगडं शेवटी.

शास्त्री तसेच पाण्यात उभे होते.

“बाबा, चूक आहे हे.”

“काय?”

“‘या’ हे आदरार्थी आहे. थोरांना म्हणतात, पाहुण्यांना म्हणतात. पशुपक्ष्यांना एकेरी. ‘ये’ म्हणायला हवं.”

बाबांनी थोडा विचार केला.

“बदक एक आहे की अनेक?”

“अनेक.”

“मग अनेकवचन समजा. आदर घशात अडकत असेल तर.”

शास्त्रींनी हे तपासून पाहिलं. नियमात बसत होतं. त्यांचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परात आणि घंगाळ शेजारी शेजारी ठेवलं आणि पाणी एकदाही ओतलं नाही. बदकं तळ्यातल्या गोगलगाई वेचून खाऊ लागली तेव्हा मात्र राहवलं नाही.

“मठात हे चालतं?” त्यांनी बाबांना विचारलं.

“मठ माझा. गोगलगाई त्यांच्या.”

संध्याकाळी शास्त्री काठावर आले. आजूबाजूला पाहिलं. मग शुद्ध अनेकवचनी मनाने हाक मारली, “या! या!”

आणि बदकं आली! एकामागून एक, शेपट्या हलवत, सरळ खुराड्यात. शास्त्रींना इतका आनंद झाला की ते मोठ्याने हसले. मंत्र आता हातभर अंतरावर होता. ते दार लावायला वळले.

लंगडं बदक तळ्यातच होतं.

“या!” शास्त्री म्हणाले, आणि थबकले. हे तर एकटंच. आता अनेकवचन कुठून आणायचं?

“ये,” ते नियमाने म्हणाले.

बदकाने पाठ फिरवली.

“ये ना… ये रे…”

बदक पंख साफ करू लागलं. उजेड कमी होत चालला होता. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसलं, आणि मग कोल्हेकुई ऐकू आली. अगदी जवळून.

शास्त्रींना मंत्र, अनुग्रह, काही आठवेना. काल घशात कोंडा अडकला तेव्हाची ती लांब झालेली मान तेवढी डोळ्यांपुढे आली. त्यांनी एक खडा उचलला, बदकाच्या मागे टाकून त्याला पिटाळावं म्हणून. मग तो खाली टाकला. ते चिखलात उतरले. वाकले.

“या,” ते म्हणाले.

आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

“या… आपण यावं. चुकलं माझं. या हो…”

बदकाने एक डोळा त्यांच्याकडे केला. जरा वेळ घेतला. मग रुसलेल्या विहिणीच्या थाटात, लंगडत, ते काठावर चढलं. शास्त्री पुढे धावले नाहीत. ते त्याच्या मागून, त्याच्या चालीने चालले. खुराड्याचं दार बुटकं होतं. बदक आत जाऊन पेंढ्यात बसेपर्यंत शास्त्री दार धरून ओणवे उभे राहिले. मग त्यांनी कडी लावली आणि ती लागली का, ते पुन्हा ओढून पाहिलं.

मागे वळले तर बाबा ओटीच्या पायरीवर उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

शास्त्रींचं धोतर चिखलाने भरलं होतं. डोळेही भरले होते, आणि ते पुसायला एकही हात स्वच्छ नव्हता.

“बाबा,” ते म्हणाले, “ते एकटंच होतं. तरी मी त्याला… म्हणजे व्याकरणाने पाहिलं तर…”

त्यांनी चिखलाचा हात खुराड्याकडे केला.

बाबांनी पायरीवरची पाण्याची बादली पुढे सरकवली.

“अरे त्र्यंबका,” ते म्हणाले, “ये. पाय धू.”