तानूआत्या आणि दरीवरची तार

दरीच्या काठावर एक गाव होतं आणि त्या गावात तानूआत्या एकटीच राहायची. दरीपलीकडे, डोंगराच्या सोंडेआड तिचं माहेर. आईबाप गेले, भाऊ शहरात गेला, घराला कुलूप लागलं. बोलावणारं कुणी उरलं नाही. बोलावणं नसताना माहेरी जायचं तरी कसं, म्हणून आत्या कित्येक वर्षांत तिकडे फिरकली नव्हती. जीव मात्र सारखा तिकडेच ओढायचा.

एके वर्षी दरीवर झिपलाईन आली. कमरेला पट्टे बांधायचे, डोक्यावर हेल्मेट घालायचं आणि जाड तारेवरून सुर्रकन पलीकडे जायचं. शाळेतली पोरं गेली, नवी जोडपी गेली, कवळी खिशात ठेवून म्हातारेसुद्धा गेले. जो तो येऊन सांगायचा, "मधोमध पोचलं ना, की डोंगराआडचं गाव दिसतं. देऊळ, देवळाशेजारच्या घरापुढची मोठी चिंच, सगळं!"

झालं! आत्याला चैन पडेना. ती चिंच तिच्याच दारातली होती. शेळी शोधायचं निमित्त करून ती रोज तारेपाशी जाऊन उभी राहू लागली. शेळी बिचारी घरी दाव्याला!

तार चालवणारा दिगंबर भला माणूस. तो हसून विचारायचा, "आत्या, बसता का? गावच्या माणसांना फुकट आहे."

"छे रे बाबा! हे काय वय आहे का माझं?" आत्या पदर सावरत म्हणायची.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? साधा चहासुद्धा आपण दोनदा नको म्हणून मग घेतो. आत्या वाट बघायची, हा आता म्हणेल, 'असं काय करता, चला!' पण दिगंबर मान डोलवायचा आणि पुढच्या माणसाचे पट्टे आवळायला लागायचा. आत्या फणकाऱ्याने घरी यायची. 'मेल्याला पुन्हा विचारायला काय झालं होतं?' असाच सगळा हंगाम गेला.

शेवटी एके सकाळी तिला राहवेना. पुरे झाला हा मानपान! नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती तरातरा तारेपाशी गेली.

"दिगंबर, मला बसायचंय. मला माझं घर बघायचंय रे."

दिगंबर तारेचं वेटोळं टेम्पोत चढवत होता. मालकाने सगळा कारभार दुसऱ्या घाटात हलवला होता. दिगंबरचा चेहरा उतरला.

"आत्या, मग आधी का नाही बोललात?"

"तू आग्रह कुठे केलास?"

"आग्रह पंगतीत करतात, आत्या. दरीवर नाही. नको म्हणेल त्याला गळ घालायची नाही, हा आमचा पहिला नियम. मला वाटलं, तुम्हाला भीती वाटते."

आत्याला रडू कोसळलं. टेम्पो निघून गेला, तरी ती सोंडेकडे बघत तिथेच उभी होती. काठावरून नुसता डोंगर दिसत होता.

तात्पर्य: जे मनापासून हवं आहे, त्याला पहिल्याच विचारण्यात हो म्हणावं, समोरच्याला आपलं 'नको' ऐकू येतं, मनातलं 'हो' ऐकू येत नाही.