जाळ्यावरची बैठक

वाळकोंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि खारे तळे यांच्या मधोमध वाळूचा एक बांध आहे. माणसांनी घातलेला नव्हे, लाटांनी रचलेला. त्यावर गुडघाभर उंचीचा एक काळा धोंडा आहे. दमलेले पाहुणे त्यावर बूड टेकायला जातात आणि गावातली शेवंतीकाकी त्यांना हटकते, "थंय नको. ती जागा भरलेली असा." मग ती आवडी नावाच्या बाईची गोष्ट सांगते.

श्रावणात तळे तुडुंब भरून पाणी भातात शिरू लागले की गाव हा बांध फोडतो. तळ्यात पोसलेले बोय मासे पोटात गाभोळी घेऊन त्या वाटेने अंडी घालायला समुद्रात जातात, आणि त्यांची पिल्ले मागाहून बांधाच्या त्याच फुटल्या तोंडाने परततात. म्हणून त्या दिवशी तोंडावर जाळे लावायचे नाही, हा रिवाज फार जुना. एकदाच तो मोडला, असे सांगतात.

त्या वर्षी श्रावण भुकेचा होता म्हणे. दर्या खवळलेला, होड्या शाकारून ठेवलेल्या, कणग्या खरवडून झालेल्या, आणि भात पिकायला अजून अवकाश. धाकू तांडेलाच्या शब्दाला गावात वजन होते. त्याने ठरवले, यंदा तोंडावर जाळे आडवे लावायचे. आवडी त्याची बायको. तिने नवऱ्याला समजावून पाहिले, मग समजावणे सोडले आणि घडी घातलेल्या जाळ्यावरच जाऊन बसली.

"बियाणा खाल्लात, तर पेरतलात काय?" एवढेच ती म्हणाली.

पुरुष घुटमळले. तांडेलाच्या बायकोला हात कोण लावणार? इकडे बांध फुटला, पाणी सुटले, पाण्यात चांदीसारखे मासे उसळू लागले. धाकू मान खाली घालून उभा. आणखी थोडा वेळ अशीच बसले की मासे सुटले, असे आवडीला वाटत होते. तेवढ्यात तिची लेक कुशी गर्दीतून आली आणि आईचा पदर धरून म्हणाली, "आये, भूक लागली." रडली नाही, हट्ट केला नाही. आवडीने पोरीच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिले आणि ती उठली. कुणी उठवले नाही, आपली आपण उठली.

त्या दिवशी घरोघरी गाभोळी तळली. कुशी पोटभर जेवली. आवडीलाही तो घास गोड लागला, आणि तेच तिला पुढे सलत राहिले.

पुढल्या श्रावणात बांध फुटला तेव्हा तोंडातून नुसते पाणी गेले. त्याच्या पुढल्या श्रावणातही तेच. तळ्याचा तळ चरून साफ ठेवणारे बोयच उरले नाहीत, तेव्हा शेवाळ माजले आणि पाण्याला वास मारू लागला. भूक मात्र वाट न चुकता परत आली. या खेपेला तळ्यात काही नव्हते. कुशी गेली.

मग आवडी बांधावर आली आणि जाळे होते त्या जागी, नुसत्या वाळूत बसली. धाकूने पेज आणली, हात जोडले.

"माका उठवू नकात," ती म्हणाली. "एकदा उठलंय."

तांडेल तो; वादळात होडी सांभाळणारा. पण इथे त्याला काय करावे ते कळेना. तो रोज पेज आणून ठेवी आणि रोज ती कावळे खात. एके सकाळी तिच्या जागी हा धोंडा होता, आणि कडेच्या पाण्यात सुईएवढी बोयची पिल्ले वळवळत होती. कुठून आली, कुणालाच ठाऊक नाही.

आजही बांध फुटतो त्या दिवशी गावच्या बायका आपापल्या घरच्या जाळ्यांवर बसतात आणि मासे बाहेर पडेपर्यंत हलत नाहीत. पोरांना आधी पोटभर जेवू घालून देवळात ठेवतात. किनाऱ्यावर त्यांना येऊ देत नाहीत.

हल्ली बाहेर खोल पाण्यात परक्या बंदरांचे ट्रॉलर त्याच दिवसाची वाट बघत उभे असतात. गेल्या वर्षी एका पाहुण्याने तिकडे बोट करून विचारले, "मग यांचं काय?" काकी आपल्या जाळ्यावर बसली होती.

"आमच्या जाळ्यांर आमी बसलंव," ती म्हणाली. "त्यांच्या जाळ्यांर कोण बसतला?"