ओसरीवरची परीक्षा

एका गावात एक शंकेखोर बाई होती, आणि गावाने तिच्या शंकेलाच कामाला लावलं होतं. तिचं नाव द्वारका. घरात वापरायची कोणतीही नवी वस्तू बाजारात जाण्याआधी द्वारकेच्या ओसरीवर यायची. साबण ती आपल्या कोपरावर चोळून दोन दिवस वाट बघे. तेल उन्हात ठेवून बघे. पसंत पडलेल्या वस्तूवर तिचा तांबडा शिक्का बसे. तो दिसला की गावातली एकही बाई पुढे काही विचारत नसे. इतका विश्वास बरा नव्हे, असं द्वारकेला अधूनमधून वाटायचं. पण वाटलं तरी ती शिक्का मारायचीच.

एका वर्षी गावात हगवणीची साथ आली. भिकूशेठ नावाच्या व्यापाऱ्याने जंतू मारणारं औषध काढलं. फरशीवर टाकायचं, घासायचं, धुऊन काढायचं. द्वारकेने ओसरीवर एक फरशी मांडली, तिच्यावर औषध ओतलं आणि शेजारी तासभर बसून राहिली. फरशीवर माशी बसली नाही. हाताला फोड आला नाही. श्वासाला काही झालं नाही. शिक्का बसला. पुढे साथ ओसरली, औषध मात्र घरोघरी राहिलं ते राहिलंच.

चार महिन्यांनी कोंडामावशी ओसरीवर आल्या. त्या गावातल्या दहा घरांच्या न्हाण्या धुवायच्या. दोन पायऱ्या चढून बसेपर्यंत त्यांना धाप लागली.

"ताई, ते औषध ओतलं की छातीत दोरी आवळल्यागत होतंय."

द्वारकेने पुन्हा फरशी मांडली, औषध ओतलं, तासभर बसली. काही झालं नाही.

"औषधात दोष नाही, मावशी. तुम्हाला दमा असेल."

"असंल की," कोंडामावशी म्हणाल्या. "पण मग हा दमा अमावस्येला कुठं जातो? त्या दिवशी मला सुट्टी असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोंडामावशींच्या मागोमाग निघाली.

पहिल्या घरची न्हाणी दोन पाट मावतील एवढी. पाल येते म्हणून झरोक्यात चिंधी कोंबलेली. बादलीभर पाण्यात एक झाकण औषध, असं बाटलीवर लिहिलेलं होतं. कोंडामावशींनी बाटली तशीच उपडी केली.

"अहो मावशी, पाणी?"

"वास आला नाही तर घरची बाई म्हणती, धुतलंच नाही."

तेवढ्यात घरच्या बाईंनी आतून हाक दिली, "मावशी, दार लोटून घ्या! वास पार चुलीपर्यंत येतोय."

दार लागलं. कोंडामावशी ओणव्या होऊन घासू लागल्या. त्यांचं नाक फरशीपासून वीतभर अंतरावर होतं. द्वारकाही तशीच ओणवी झाली. दुसऱ्या घरी तिच्या डोळ्यांना धार लागली. चौथ्या घरी खोकल्यामुळे तिला बोलता येईना.

"तुम्ही बाहेर बसा, ताई," कोंडामावशी म्हणाल्या. "मी उरलेली सहा उरकून येते."

त्याच दुपारी द्वारका भिकूशेठच्या दुकानात गेली आणि शिक्का मागे घेते म्हणाली.

भिकूशेठ चिडला नाही. "घ्या की," तो म्हणाला. "पण ताई, एक शिक्का चुकला म्हटल्यावर बाकीच्या शिक्क्यांचं काय? उद्या कुणी तुमची ओसरी चढणार नाही. त्यापेक्षा म्हातारीला दमा आहे, एवढंच राहू द्या. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

ती तसं म्हणाली होती. आणि आताही तेच राहू द्यावं, असं तिच्या मनात आलं होतं. भिकूशेठपेक्षा तिला आपल्या त्या विचाराचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवारच्या बाजारात ती पारावर उभी राहिली.

"भिकूशेठच्या औषधावरचा माझा शिक्का चुकला. मी ते मोकळ्या वाऱ्यावर तपासलं. मावशी ते कोंदट न्हाणीत रोज दहा वेळा छातीत घेतात. आणि अजून एक. परीक्षेच्या दिवशी माझं रांगतं लेकरू मी शेजारणीच्या घरी ठेवून आले होते. म्हणजे शंका मला तेव्हाच होती. तरी शिक्का मारला."

"तुमचं लेकरू शेजारणीकडे, आणि आमची?" गर्दीतून एका बाईने विचारलं.



औषधाची विक्री थांबली. झरोक्यांतल्या चिंध्या निघाल्या. पाली आल्या, पण वाराही आला. वर्षभर बायका शिक्क्याच्या वस्तू परत आणून द्वारकेला सुनावत होत्या, आणि ती एकेक वस्तू पुन्हा तपासत होती. कोंडामावशींची छाती हळूहळू मोकळी झाली, पण पूर्वीसारखी नाही. दहा घरांवरून त्या पाचांवर आल्या.

पुढच्या वर्षी भिकूशेठने नवं औषध आणलं आणि बाटली द्वारकेपुढे ठेवली.

"हे कोण वापरणार?" तिने विचारलं.

"वापरेल कुणीतरी कामवाली."

"मग तिला बोलवा. तिच्याबरोबर न्हाणीत तुम्ही आणि मी बसू. दार लावून."

भिकूशेठने बाटली उचलली.

"थोडं सौम्य करून आणतो," तो म्हणाला.

तात्पर्य: वस्तू ज्याला वापरायची आहे, त्याच्या जागी बसून जी घेतली नाही ती परीक्षा नव्हे, ती फक्त आपल्याच मनाची समजूत.