कोरी गुडदी

खाडीच्या काठी आंबेखोल नावाचे गाव होते. त्या गावात कातारआळीच्या टोकाला, सुरंगीच्या मोठ्या झाडाखाली, निवांत महाराजांची मठी होती. कातारी म्हणजे चरकावर लाकूड फिरवून त्याचे गोल घाटाचे जिन्नस करणारे कारागीर. पाळण्याचे खुंट, पोळपाट, लाटणी, भोवरे, सारे त्या आळीत होई. सकाळपासून चरकांची घरघर सुरू झाली की महाराज डोळे मिटून बसत आणि म्हणत, "बघा, आळीने जप धरला."

त्याच गावात भिकाजी नावाचा पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. वीस वर्षे तो माडांवर खारीसारखा चढला आणि एके दिवशी ओल्या झावळीवरून पाय सुटून खाली आला. जीव वाचला, पण कमरेचे हाड असे दुखावले की काठीशिवाय चालता येईना. बायको द्रुपदा लोकांचे भात कांडून घर चालवी. ती कधी बोलून दाखवत नसे, पण ताट पुढे आले की भिकाजीची मान खाली जाई. रोज सकाळी तो फरफटत मठीत येई आणि बसल्या बसल्या अंगण झाडी.

एकदा झाडता झाडता त्याचा हुंदका महाराजांच्या कानी गेला.

"काय झाले भिकाजी?"

"महाराज, बसून खातो मी. चाळिशीचा गडी, बसून खातो!"

महाराज म्हणाले, "मग बसून करण्याजोगे काम शीक. हात शाबूत आहेत ना? चल माझ्याबरोबर."

महाराज त्याला घेऊन विश्राम मेस्त यांच्या दुकानी गेले. विश्राम मेस्त म्हणजे आळीतले पहिल्या नंबरचे कातारी. त्यांच्या भिंतीवर चाळीस-पन्नास हत्यारे ओळीने टांगलेली असत, आणि प्रत्येकाची मूठ लाखेने रंगवून आरशासारखी चकचकीत केलेली. कोरे लाकूड आपल्या दुकानाचा उंबरा ओलांडत नाही, हे ते अभिमानाने सांगत. जिन्नस चरकावरून उतरण्याआधी त्यावर लाल, पिवळा लाखेचा रंग चढलाच पाहिजे.

महाराजांना पाहून ते उठले, पाट मांडला. पण मागे भिकाजी दिसताच त्यांना हसू आवरेना.

"काय रे भिकाजी, माडावरून पडलास तो थेट चरकावर?"

दुकानातली माणसे खिदळली. महाराज शांतपणे म्हणाले, "मेस्त, याला शिकायचे आहे. पहिल्यांदा हत्यारे कोणती घ्यावीत?"

"घे बाबा, हवी तेवढी उचल!" विश्राम मेस्तांनी भिंतीकडे हात केला. "हत्यारं घेऊन माणूस कातारी झाला असता, तर माझी भिंत माझ्याहून मोठी कातारी झाली असती."

भिकाजीला टोमणा कळला, पण डोळे भिंतीवरून हलेनात. त्याने सर्वांत लांब मुठीचे हत्यार उचलले, मग सर्वांत रुंद पात्याचे, मग एक बाकदार, मग एक टोकदार. बघता बघता कवेत सात हत्यारे झाली.

महाराजांनी विचारले, "हे बाकदार कशासाठी घेतलेस?"

"चांगलं दिसतं म्हणून."

"आणि हे लांब?"

भिकाजी त्याच्या मुठीकडे बघू लागला. महाराज म्हणाले, "ज्याचे काम तुला सांगता येत नाही, ते परत टांग. भूक नसताना वाढून घेतलेले अन्न आणि काम ठाऊक नसताना घेतलेले हत्यार, दोन्ही शेवटी टाकूनच द्यावे लागते."

एकेक करून सातही हत्यारे भिंतीवर गेली. मग कोपऱ्यात पडलेल्या जुन्या हत्यारांच्या पेटीतून महाराजांनी तीन काढली. "ही गोल पटाशी. चौकोनी लाकडाला हिने गोल करायचे. ही तिरकी पटाशी. हिने घाट द्यायचा आणि अंग गुळगुळीत करायचे. आणि ही पातळ पट्टी. काम झाले की हिने जिन्नस दांड्यापासून सोडवायचा. आता हातात धरून बघ. मूठ तुझ्या मुठीत मावते का?"

मुठी झिजलेल्या होत्या, पण भिकाजीच्या हातात बरोबर बसल्या.

"अजून एक राहिले," महाराज म्हणाले आणि त्यांनी पेटीच्या तळाचा धार लावायचा दगड त्याच्या हातावर ठेवला. "चौथे हत्यार हे. बोथट पटाशी हट्टी माणसासारखी असते, जोर लावावा तेवढी उलटते."

"आणि बनवणार काय म्हणतो मी?" विश्राम मेस्तांनी विचारले. "पालखीचे दांडे?"

"गुडदी," महाराज म्हणाले.

गुडदी म्हणजे बाटलीच्या तोंडाला बसवायचे लाकडी बूच. सारे दुकान पुन्हा हसले. मेस्त म्हणाले, "नारळ पाडणारा आता गुडद्या पाडणार! न्या महाराज, ती पेटीच न्या. मोडीतच निघाली होती."

मठीच्या पडवीत एक जुना चरक होता, त्यावर शिकवणी सुरू झाली. चरकाला दोरीचे वेढे असत. कोणीतरी समोर बसून दोरी मागेपुढे ओढायची, म्हणजे लाकूड फिरे. ते काम द्रुपदेने घेतले. पहिल्याच दिवशी भिकाजीने फिरत्या लाकडात पटाशी एकदम खुपसली. खटकन आवाज झाला, लाकूड उडाले आणि पडवी ओलांडून थेट महाराजांच्या चुलीत जाऊन पडले.

द्रुपदा म्हणाली, "बरं झालं. जळण आपल्या पायांनी चुलीत जायला लागलं."

महाराजही पोट धरून हसले. मग त्याच्या शेजारी बसून म्हणाले, "घाई नको बाळ. पुढ्यात ही आडवी काठी आहे ना, हत्यार आधी तिच्यावर टेकव. मग पात्याची पाठ लाकडाला नुसती लागू दे. आता मूठ हळूच उचल. बघ, धार आपोआप लाकडाला भेटते."

पातळ, लांबसडक सालपट निघाले. भिकाजी त्याच्याकडे असा बघत राहिला, जसे काही माडाच्या शेंड्यावरून पहिल्यांदा समुद्र दिसला.

महाराजांनी गावातल्या तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या मागवून ठेवल्या होत्या. कोणाचे तोंड रुंद, कोणाचे अरुंद, कोणाचे वाकडे. प्रत्येकीला गुडदी करायची. थोडी तासायची, बसवून बघायची, जिथे घासली तिथे पुन्हा तासायची. दोन महिने भिकाजीने दुसरे काहीच केले नाही. गुडद्या बसू लागल्या, तेव्हा त्याने विचारले, "महाराज, आता रंग शिकू? लोक हसतात, नागडी गुडदी म्हणतात."

"हसू देत. बाटलीच्या तोंडात जे जायचे ते कोरेच असावे."

भिकाजीला कारण कळले नाही. पण महाराजांनी सांगितले म्हणजे झाले, एवढे त्याला पुरे होते.

त्या वर्षी खाडीपलीकडच्या बेटावर तापाची साथ आली. मुले पटापट आजारी पडू लागली. गावचे वैद्य अनंतशास्त्री यांनी मोठ्या हंड्यात काढा चढवला. बेटावर चाळीस घरे. घराला एक, अशा चाळीस बाटल्या दुपारच्या भरतीला होडीतून जायच्या होत्या. ती भरती चुकली तर होडी दुसऱ्या दिवशीच सुटणार, आणि तापलेली मुले तोवर वाट बघणार नव्हती. गुडद्यांचे काम अर्थातच विश्राम मेस्तांकडे गेले होते. त्यांनी एका मापाच्या चाळीस गुडद्या लाल लाखेने नखशिखांत रंगवून पाठवल्या. दिसायला माणकांसारख्या!

सकाळी शास्त्रीबुवांनी गरम काढा बाटल्यांत ओतला आणि गुडद्या घट्ट दाबल्या. घटकाभराने बघतात तो काय, उष्णतेने लाख वितळून काचेला चिकटलेली. ओढावे तर गुडदीचे बोंड हातात येई आणि बूच आतच राही. काढ्यात लाल तवंग तरंगत होता. मेस्तांना तातडीने बोलावून आणले.

"अहो मेस्त, हा रंग हिंगुळाचा!" शास्त्रीबुवा ओरडले. "हे पोटात गेलं तर ताप राहील बाजूला, पोरं विषानं जातील!"

विश्राम मेस्तांचा चेहरा उतरला. तरी ताठा सुटेना. "मी कोरं काम करत नाही, सवयीनं रंग चढला," ते पुटपुटले.

साऱ्या बाटल्या वाया गेल्या. हंड्यात काढा अजून होता. लोकांनी धावत घरोघरच्या बाटल्या आणल्या, धुतल्या. पण चाळीस बाटल्यांची चाळीस तोंडे चाळीस तऱ्हेची. मेस्त म्हणाले, "एकेकीचं माप घेऊन करायचं म्हणजे दोन दिवस. दुपारपर्यंत देवालाही जमणार नाही." आणि ते आपल्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

तेव्हा निवांत महाराज म्हणाले, "बाटल्या माझ्या पडवीत आणा."

भिकाजीला घाम फुटला. "महाराज, मी दिवसाला चार करतो. मला दुसरं काही येतसुद्धा नाही."

"आज दुसरे काही लागतच नाही," महाराज म्हणाले. "दगडावर धार लाव आणि बस."

भिकाजीने तिन्ही हत्यारांना धार लावली. द्रुपदेने दोरी धरली. महाराज तिच्यामागे भिंतीला टेकून बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. शिवणीच्या लाकडाचा दांडा फिरू लागला.

पहिली गुडदी बसली. दुसरी बसली. भिकाजी बाटलीच्या तोंडात बोट फिरवी, पटाशी टेकवी, आणि बोटाला जे कळले ते लाकडात उतरे. पुन्हा तासायची वेळच येईना. दहा झाल्या, वीस झाल्या. शेजारी शास्त्रीबुवा एकेक बाटली काढ्याने भरून तिची गुडदी लावत होते. एरवी घटकाभराने द्रुपदा थांबून हात चोळत असे. आज ती थांबेनाच.

"अगं, दमलीस का?" भिकाजीने विचारले.

"नाही ओ. दोरी आज फुलाच्या हारासारखी लागते. तुम्ही हात चालवा!"

दारात माणसे गोळा झाली. कोणी हसत नव्हते. होडीवाल्याने खाडीवरून हाळी दिली, पाणी चढले होते. त्याच वेळी चाळिसावी गुडदी दांड्यापासून सुटली आणि तिच्या बाटलीत टुपकन बसली. शास्त्रीबुवांनी बाटली उलटी धरली. थेंब गळला नाही. माणसांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि होडी भरतीवर सुटली.

गर्दीच्या मागे विश्राम मेस्त उभे होते. ते पुढे आले आणि द्रुपदेला म्हणाले, "बाय, हात दाखव बघू."

द्रुपदेने तळवे पुढे केले. मेस्त बघतच राहिले. त्यांनी जन्मभर दोरी ओढणारे हात पाहिले होते. चाळीस नगांची दोरी सलग ओढली तर सातव्या-आठव्या नगाला कातडी लाल होते, विसाव्याला फोड येतात. हे तळवे नुकते पाण्यातून काढल्यासारखे स्वच्छ होते.

मेस्तांच्या मनात काय आले कोण जाणे, ते हळूहळू महाराजांकडे वळले. महाराजांनी हात उपरण्याखाली घेतले.

"महाराज, एकदा उपरणं बाजूला करा."

"काय करायचे आहे बघून?"

"तुमच्या पाया पडतो, पण बघू द्या."

महाराजांनी हात उघडले. दोन्ही तळव्यांवर दोरीचे लालभडक वळ उठले होते. बोटांच्या पेरांवर फोड आले होते, एक फुटून रक्तही आले होते. आणि ते हात तर सगळ्यांच्या देखत सकाळपासून मांडीवर होते!

द्रुपदेने "अगो बाई!" म्हणून तोंडावर पदर धरला. भिकाजीच्या हातातली पटाशी गळून पडली.

"देवालाही जमणार नाही, असं मी म्हणालो," एवढेच विश्राम मेस्त बोलले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मेस्त, तुमची कला मोठी आहे. रंग बाहेर शोभतो, तो तिथेच लावा. आणि नमस्कार करायचाच तर या दोघांनाही करा. गुडद्या त्यांनी केल्या आहेत, मी नुसता बसलो होतो."

"नको नको, काय करता मेस्त!" भिकाजी काठी शोधत उठू लागला, द्रुपदा दोन पावले मागे सरली. पण आळीतला तो पहिल्या नंबरचा कातारी तिथेच, लाकडाच्या सालपटांनी भरलेल्या जमिनीवर, त्या नवराबायकोपुढे ओणवा झाला. मेस्त उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला शिवणीचा भुसा गंधासारखा चिकटला होता. तो त्यांनी पुसला नाही.