टिटवीच्या अंड्याचं कवच

फार जुन्या काळी नदीकाठच्या वाळूत टिटवीनं एक अंडं घातलं. आतलं पिल्लू अंड्याच्या कवचाला मामा म्हणायचं.

एके दिवशी ते म्हणालं, "मामा, माझे पाय मेणासारखे वाकतात! हाडं घट्ट व्हायला तुमच्या अंगातला थोडा चुना द्या ना!"

मामा दचकले. "मी पातळ झालो तर तुला जपणार कोण?"

"पण मला पळायचंय, मामा!"

मामांना नाही म्हणवेना. भीत भीत त्यांनी चिमूटभर चुना दिला. दोन दिवसांनी आतून सणसणीत लाथ बसली.

"मामा, वाकला नाही! पाय वाकला नाही!"

मामांनाही चेव आला. "आता पंखांना घे! मानेला घे!" रोज ते चुना देत गेले आणि रोज पातळ होत गेले.

एका सकाळी पिल्लानं चोच मारली आणि मामांना तडा गेला. पिल्लू घाबरून थांबलं. "लागलं का, मामा?"

"अरे, पूर्वीसारखा जाड असतो, तर तुझी चोच मोडली असती. मार आणखी!"

कवच फुटलं. पिल्लू उठलं, धडपडलं, पुन्हा उठलं आणि आईमागे सुसाट पळत सुटलं. वाळूत पडलेले मामा आनंदानं ओरडत राहिले, "अजून जोरात! अजून जोरात!"